नळाखालचं नाव

१

पास्त्याच्या दोन छोट्या वाट्या टेबलावर आल्या तेव्हा नोएमीला आधी सासूबाईंचाच राग आला. तो यायला तिला फारसं निमित्त लागत नसे.

"एक पुरे होती, मम्मा. तिला तीच संपत नाही."

"मी एकच सांगितली," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही. लिव्हियाच्या गळ्याशी रुमाल बांधायचं काम चाललं होतं, आणि नोएमीने तो मघाशीच एकदा सोडला होता.

"दोघी लेकींसाठी," वाढपी हसून म्हणाला. "नुसतं लोणी घातलेला. आजीबाईंनी सांगितला तसा."

पुन्हा आजीबाई. नोएमीने नवऱ्याकडे पाहिलं. दोनातो पावाचा तुकडा मोडत खिडकीबाहेरच्या मक्याकडे बघत होता. आई आणि बायको एका टेबलावर असल्या की त्याला शेतीत फार गोडी वाटायची.

सहल सासऱ्यांच्या हौसेची होती. रोक्को आणि त्यांची बायको लग्नानंतर दक्षिणेच्या पुल्या प्रांतातलं गाव सोडून उत्तरेत तोरिनोच्या कारखान्यात आले आणि तिथेच म्हातारे झाले. दर ऑगस्टला सणासाठी ते गावी जायचे, पण सलग गाडी हाकत. मधला सगळा देश त्यांनी पेंगत ओलांडला होता. यंदा रोक्को म्हणाले, "जिचा पासपोर्ट उभा जन्म खिशात घेऊन फिरलो ती मायभूमी दिसते तरी कशी ते बघू. मुक्काम करत जाऊ. नातीलाही दाखवू."

नोएमी हो म्हणाली होती. नाही म्हटलं असतं तर उत्तरेकडची शिष्ट सून ठरली असती. ती तशी आधीच ठरली होती. पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायचं ही त्यांच्याकडची रीत, आणि सासूबाईंचं नाव अदोलोराता, म्हणजे दुःखात बुडालेली. दवाखान्यातल्या पाळण्यात ते इवलंसं, सुरकुतलेलं, जगाशी अजून काही देणंघेणं नसलेलं तोंड बघून नोएमीने सांगून टाकलं होतं की मी हिला असलं नाव देणार नाही. लिव्हिया. आणि बाप्तिस्माही नको, मोठी झाली की तिचं ती ठरवेल. सासूबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. चार वर्षं झाली, त्या न बोलण्याचा आवाज अजून थांबला नव्हता.

लिव्हियाने आपली वाटी निम्मी टाकली. निघताना नोएमीने दुसऱ्या वाटीकडे पाहिलं. ती सासूबाईंच्या पलीकडे, रिकाम्या खुर्चीपुढे होती. चाटूनपुसून साफ.

"पप्पा, तुम्हाला साखर आहे," ती सासऱ्यांना म्हणाली.

"शप्पथ, मी हातही लावला नाही," रोक्को म्हणाले. "लोणी घातलेला पास्ता म्हणजे आजाऱ्याचं जेवण. चोरायचंच तर काहीतरी बरं चोरेन की!"

सगळे हसले. सासूबाई सोडून.

२

पुढचा मुक्काम मार्के प्रांताच्या डोंगरात, एका शेतघरात होता. मालकीणबाईंनी खोली उघडून दिली. मोठा पलंग, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन छोट्या खाटा. दोन्हींवर इस्त्रीच्या चादरी, दोन्ही उशा थोपटलेल्या.

"आम्हाला एकच मुलगी आहे," नोएमी म्हणाली.

मालकीणबाईंनी तिच्याकडे जरा दयेने पाहिलं. लेकीशी भांडलेल्या आयांकडे बघतात तसं. "असू दे हो, करतात पोरं हट्ट. ती खाली पायरीवर बसलीये, तिला हाक मारा तेवढी. फरशी गार आहे."

लिव्हिया नोएमीच्या कडेवर होती.

नोएमी पायऱ्यांपर्यंत गेली. पायरीवर कुणी नव्हतं. कुणी कशाला असेल? ती तोरिनोत औषधांच्या दुकानात काम करायची. प्रत्येक गोळीचा दुष्परिणाम तोंडपाठ असलेली बाई आई झाली की तिच्या घरात साधी शिंकही साधी राहत नाही, हे तिचं तिला कळत होतं. शेजारच्या खोलीतल्या पाहुण्यांची मुलगी असेल. मालकीणबाईंची नजर कमी असेल. प्रवासाचा शीण असेल. अशी कारणं ती एकेक करून मनात मांडत होती, दुकानात फळीवर खोकी लावतात तशी, आणि लावलेली खोकी पुन्हा सरळ करत होती.

दोनातोला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, मम्मानेच फोनवर दोन खाटा सांगितल्या असतील. तिला वाटत असेल आपलं दुसरं व्हावं. दुर्लक्ष कर ना."

"तुझ्या घरात दुर्लक्ष करायला मला पूर्ण पगारी माणूस ठेवावा लागेल."

"आली का सुट्टीत पण दुकानदारी!"

जेवणं झाली आणि घर भरदुपारच्या झोपेत बुडालं. या वेळी उन्हात जायचं नाही, पाण्यात उतरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, हे सासूबाईंनी लहानपणापासून सगळ्यांच्या अंगात मुरवलेलं. लाकडी झडपा ओढलेल्या. त्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या फरशीवर पडल्या होत्या. दोनातो भिंतीकडे तोंड करून घोरत होता. लिव्हिया नोएमीच्या पोटाशी, घामेजलेली, जड. तिचा श्वास नोएमीच्या दंडावर लागत होता. बाहेर रातकिड्यांसारखे किडे एकसुरात करकरत होते.

खालून, अंगणातून, सासूबाईंची हाक आली. हळू, कुणाला जाग येऊ नये अशी.

"अदोलोरा... ये, बाळा, ये."

नोएमीचे डोळे उघडेच होते. आपल्याच नावाने कुणाला बोलावतायत या? तिच्या मस्तकात तिडीक गेली. म्हणजे पाठीमागे लिव्हियाला याच नावाने हाक मारतात तर! ती उठणारच होती.

तेवढ्यात पलीकडच्या रिकाम्या खाटेवर काहीतरी सरकलं. मग अनवाणी पाय फरशीवर पडले. लहान, ओले असावेत तसे, चपचप वाजणारे. ते पलंगाच्या पायथ्याला वळसा घालून दाराकडे गेले आणि जिन्यावरून धावत उतरले. धावताना मुलं एका हाताने कठडा धरतात, तसा कठड्याचा लाकडी आवाजही आला.

लिव्हियाने झोपेत तोंड हलवलं. नोएमीने तिला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

३

संध्याकाळी अंगणातल्या अंजिराखाली सासूबाई फरसबीच्या शिरा काढत बसल्या होत्या. नोएमीने समोरची खुर्ची ओढली.

"दुपारी कुणाला हाक मारत होतात?"

सासूबाईंचे हात थांबले नाहीत. "लिव्हियाला."

"लिव्हियाचं नाव लिव्हिया आहे."

"कागदावर."

"म्हणजे?"

शेंगेची शीर लांबच लांब निघाली. सासूबाईंनी ती मांडीवरच्या कागदात ठेवली. "तुम्ही दोघं सिनेमाला गेला होतात. ती दोन महिन्यांची असेल. ताप होता तिला, नोएमी. तू म्हणालीस दात असतील, म्हणून गेलीस."

"लसीचा ताप होता. मी म्हणाले होते लसीचा ताप आहे, उतरेल."

"उतरला. पण आधी मी तिला सिंकपाशी नेलं. नळाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि तीनदा डोक्यावर घातलं. पाद्री नसला तरी चालतं. पोर मरायला टेकलं असलं तर आजीसुद्धा देऊ शकते बाप्तिस्मा. आमच्या गावात सगळ्या द्यायच्या."

"ती मरायला टेकली नव्हती!" नोएमीचा आवाज अंगणभर झाला. कोंबड्या फडफडल्या. "तिला जरा ताप होता! तुम्ही माझ्या लेकीला चोरून, भांडी घासायच्या सिंकमध्ये..."

"मी आधी सिंक घासलं होतं," सासूबाई म्हणाल्या. त्यांना हे खरंच महत्त्वाचं वाटत होतं.

"आणि नाव?"

उत्तराची गरज नव्हती. नोएमीला हसू आलं, रागाचं. एवढ्याशा स्वयंपाकघरात, ओल्या फडक्यावर निथळत ठेवलेल्या कपबश्यांच्या साक्षीने, कुणीतरी तिच्या मुलीला परत एकदा जन्माला घातलं होतं. आणि तिला चार वर्षं पत्ता नव्हता.

दोनातो दारात उभा होता. कधी आला कुणास ठाऊक. त्याच्या चेहऱ्याकडे बघून नोएमीला कळलं.

"तुला माहीत होतं."

"नोएमी, ऐक..."

"तुला माहीत होतं!"

"मी फक्त... आपण घरी आलो तेव्हा तू कपडे बदलत होतीस. मम्माने सांगितलं. म्हटलं, झालं ते झालं, थेंबभर पाणी तर आहे. कोमट होतं ना, एवढंच मी विचारलं."

त्या एका वाक्यासाठी नोएमी त्याला कधी माफ करणार नव्हती. तो आईला आवर म्हणू शकला असता. बायकोला सांगू शकला असता. त्याने विचारलं काय, तर पाणी कोमट होतं ना!

"उद्या समुद्रकिनाऱ्यावरच्या पहिल्या स्टेशनला मला आणि लिव्हियाला उतरवायचं," ती म्हणाली. "तुमचा सण तुम्ही करा."

"रेल्वेत या गर्दीत? एकटी?"

"मी एकटी नाहीये. माझी मुलगी आहे माझ्याबरोबर. एकच."

सासूबाईंनी तेव्हा पहिल्यांदा वर पाहिलं. त्या नजरेत सासूपणा नव्हता. भीती होती, आणि नोएमीला ती बघून आणखीच चीड आली, कारण आता तिलाही भ्यावं लागणार होतं.

४

दुसऱ्या दिवशी गाडी किनाऱ्याच्या रस्त्याला लागली. रोक्कोंनी शेवटच्या ओळीतून एक-दोनदा डावीकडचा समुद्र दाखवून पाहिला, मग टोपी डोळ्यांवर ओढली. नोएमी पुढे, दोनातोच्या शेजारी. मागे मधल्या ओळीत लिव्हिया तिच्या खुर्चीत, खिडकीशी. दुसऱ्या खिडकीशी सासूबाई. दोघींच्या मध्ये एक जागा, तिच्यावर पिशव्या असायच्या. आज त्या पिशव्या सासूबाईंनी पायाशी घेतल्या होत्या.

नोएमीने ऊन अडवायची फळी खाली ओढली. तिच्यातल्या छोट्या आरशात मागचं थोडंसंच दिसत होतं.

सासूबाई पीच कापत होत्या. अंगठा आणि सुरी यांच्यात फोड धरून त्या मुलांना भरवतात तशी. फोड मधल्या जागेकडे गेली. आरशाच्या चौकटीबाहेर. हात परत आला तेव्हा रिकामा होता, आणि सुरीच्या पात्यावरून रस मनगटाकडे ओघळत होता.

लिव्हिया पलीकडे मान टाकून झोपली होती. तिचं तोंड उघडं होतं. कोरडं.

पुन्हा फोड. पुन्हा रिकामा हात.

"काय करताय?" नोएमीने मागे वळून बघितलं नाही. वळायला हवं होतं. मान वळेना.

सासूबाई पुढे झुकल्या. त्यांचा आवाज तिच्या कानाशी आला, फक्त तिला ऐकू येईल असा, गावाकडच्या हेलाचा.

"तुझ्या लेकीसाठीच ठेवलं होतं गं नाव. हळूच हाक मारायची मी तिला, तू नसताना. कधी वळली नाही. एकदासुद्धा नाही. वर्षभर मारली, दोन वर्षं मारली. मग या वसंतात एक दिवस हाक मारली आणि..." त्यांनी श्वास घेतला. "पाय वाजले. आत्ता कुणालाच हाक मारली नाही मी, काल दुपारी म्हणतेस ती शेवटची. पण ती येतेच. भूक लागते तिला. हाकेला आलेल्या पोराला उपाशी ठेवू? परत कुठे पाठवू, सांग? कुठून आली तेच मला माहीत नाही."

"गाडी थांबव," नोएमी म्हणाली.

"स्टेशन अजून..."

"दोनातो, गाडी थांबव!"

५

पुढच्या वळणावर किनाऱ्याला लागून वाहनतळ होता. भर दुपार. छत्र्या मिटलेल्या, खुर्च्या उलट्या टाकलेल्या. जेवायला गेलेली माणसं ऊन उतरल्याशिवाय फिरकणार नव्हती.

नोएमीने सामान काढायला घेतलं. दोनातो तिची पेटी परत आत ठेवू लागला. दोघं एका पेटीची दोन टोकं धरून उन्हात उभे होते.

"वेड लागलंय का तुला? रिकामी सीट होती ती!"

"मग तू जाऊन बस तिच्यावर! बस ना! का बसत नाहीयेस?"

"आवाज कमी कर, पप्पांना..."

"तुझ्या पप्पांना, तुझ्या मम्माला! माझ्या पोरीचं पाणी कोमट होतं म्हणून तुला समाधान!"

ती आणखीही बरंच बोलली. इतकी वर्षं जपून ठेवलेलं सगळं. पेटीचं झाकण उघडून कपडे खडीवर पडले तेव्हा ती दम घ्यायला थांबली आणि गाडीकडे बघितलं. बाजूचं दार उघडं होतं. रोक्को गाडीच्या सावलीत, पुढच्या बाजूला टोपीने वारा घेत होते. लिव्हियाची खुर्ची रिकामी होती, पट्टा लोंबत होता.

सासूबाई वाळूवरून धावत होत्या. नोएमीने त्यांना कधी धावताना पाहिलं नव्हतं.

पाणी उथळ होतं, दूरवर पांढरं चमकणारं. त्या चमकेत दोन लहान डोकी दिसत होती. दोन. पाठमोरी, शेजारी शेजारी, कंबरभर पाण्यात, हळूहळू आत जात असलेली. उन्हाने दोघींचा रंग पुसून टाकला होता. एकसारखी उंची, एकसारखे केस.

नोएमीच्या मनातली सगळी खोकी एकदम खाली आली.

"लिव्हिया!"

वारा समोरून होता. कुणी वळलं नाही.

"लिव्हिया! थांब!"

पाणी त्या दोघींच्या छातीपर्यंत आलं. नोएमी वाळूत पडली, उठली, पुन्हा धावली. मागून दोनातोचे पाय येत होते. सासूबाई पाण्याच्या काठावर गुडघ्यांवर बसल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडून त्यांचंच नाव किंचाळीसारखं निघत होतं. त्या नावाला दोन्हींतलं एक डोकं जरासं थबकलं. फक्त थबकलं.

"माझ्यासाठी नाही येणार," सासूबाईंनी नोएमीचा घोटा धरला. "तू मार हाक! आईने मारली की येईल! मार, नाहीतर दोघीही जातील!"

पाणी मुलींच्या हनुवटीपर्यंत आलं होतं. नोएमीला त्या बाईच्या तोंडात मारावंसं वाटलं. तिने हाक मारली.

"अदोलोराता!"

एक डोकं वळलं. चेहरा दिसला नाही, चमकच फार होती. पण ती वळली आणि परत यायला लागली, पाणी उडवत, हात पसरून. दोनातो तिच्याकडे झेपावला. त्याने तिला उचललं, छातीशी धरलं, तो रडत होता. "आली, आली, झालं, सापडली." सासूबाईंनी जवळच्या खुर्चीवर राहिलेला टॉवेल उघडला आणि ते सगळं ओलं अंग डोक्यासकट त्यात गुंडाळलं. रोक्को लंगडत येत होते. सगळे त्या टॉवेलभोवती गोळा झाले.

समुद्राकडे कुणीच बघत नव्हतं.

नोएमी बघत होती. दुसरं डोकं अजून तिथेच होतं, आणखी आत. केस पाण्यावर पसरले होते.

असल्या नावाला माझी लेक येणार नाही, नोएमीच्या डोक्यात एवढंच आलं. चार वर्षं आली नाही, आज का येईल? ती कपड्यांसकट पाण्यात घुसली. पाय खाली टेकत होते, मग टेकेनात. तिने मागून पकडलं, काखेत हात घालून वर ओढलं. ते अंग गार होतं. पाण्यात इतका वेळ राहिलेलं कुठलंही मूल गार असतं, तिने स्वतःला सांगितलं. मुलीने तोंड तिच्या मानेत खुपसलं. खोकत नव्हती. घाबरली असेल.

पाय वाळूला लागले तेव्हा नोएमी किनाऱ्याकडे वळली.

दोनातो टॉवेलमधलं ओझं कडेवर घेऊन उभा होता. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

"नोएमी," तो म्हणाला. मग मोठ्याने, "नोएमी, काय धरलंयस ते?"

सासूबाईंनी छातीवर क्रूसाची खूण केली. रोक्कोंनी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना मागे ओढलं.

"सोड ते! सोड आधी, पाण्यात टाक! लिव्हिया इथे आहे, माझ्याकडे आहे!"

इतका राग नोएमीला आयुष्यात कधी आला नव्हता. चोरून नाव ठेवणारे हे, चोरून गप्प बसणारे हे. आता तिची मुलगी कुठली तेही हेच तिला सांगणार! मानेत खुपसलेलं तोंड वर करून बघायला एक क्षण पुरला असता. तिने बघितलं नाही. बघायची गरज आईला पडत नाही.

"ही लिव्हिया आहे!" ती ओरडली. "ऐकलंत? मी ठेवलंय तिचं नाव! लिव्हिया!"

टॉवेलच्या आतून, खेळात व्यत्यय आला की लिव्हियाचा लागायचा अगदी तसाच त्रासिक सूर लागला.

"काय गं, आई?"

आणि नोएमीच्या गळ्याभोवती दोन गार हात आवळले गेले.